थांबलो म्हणून नापास

परदेशातून आलेला माणूस आमच्याकडं पहिली शिवी रस्त्याला देतो. नांदेड स्टेशनवर उतरून रिक्षात बसला की सुरू. "छ्या, काय आपली ट्रॅफिक! तिकडं एक हॉर्न वाजत नाही. माणसं कशी लायनीत जातात." घरी पोचेपर्यंत रिक्षावाल्याला अख्खं व्याख्यान ऐकावं लागतं. मग चहा येतो, शेजारपाजारचे जमतात, सगळे माना हलवतात. आपण सगळेच बेशिस्त आहोत असं एकदा ठरलं की सगळ्यांना बरं वाटतं. कारण मग कुणालाच काही करावं लागत नाही.

मी हे व्याख्यान आता ऐकून घेत नाही. मीही दोन वर्षं आखातातल्या एका शहरात गाडी चालवून आलोय. रस्त्याच्या उजव्या बाजूनं, डावीकडच्या स्टिअरिंगवर. देशाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून आपली पोरं आहेत. पण तिथल्या शिस्तीबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे. त्या शिस्तीनं मला दोनदा नापास केलं आणि कशासाठी केलं ते माझ्या चांगलं ध्यानात आहे.

मी तिकडं गेलो ते हौसेनं नाही. नांदेडला बी.ए. करताना मी पत्रकं लिहायला शिकलो. अडकलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातली पाण्यासारखी डाळ, गावाची बंद पडलेली गाडी, काहीही असो, रात्रीतून पत्रक तयार. कॉलेज संपलं आणि कळलं की पत्रकानं पोट भरत नाही. हातात दुसरं एकच काम होतं, बाबांनी शिकवलेली ड्रायव्हरकी. ओळखीतल्या एकानं शब्द टाकला आणि तिकडच्या एका घरात ड्रायव्हरची जागा मिळाली. अट एकच. आपलं लायसन तिथं चालत नाही, तिथलं काढायचं. परीक्षेला तीनदा बसता येईल. तिसऱ्यांदा नापास झालास तर विमानात बसवून परत पाठवू, असं मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं. रागानं नाही बोलला. बल्ब बदलायचा असल्यासारखं बोलला.

इथं बाबांच्या जीपचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबा नायगाव ते नांदेड काळी-पिवळी जीप चालवायचे. अजूनही चालवतात. त्यांनी जीप घेतली त्यामागं धंद्याचा विचार नंतरचा, आधी राग होता. आमची बौद्ध वस्ती गावाच्या बाहेर, रस्त्याला लागूनच. म्हणजे खरं तर सगळ्यात सोयीची जागा. पण वस्तीपुढं जीप थांबत नसे. माझी आजी हात करून उभी राहायची. ड्रायव्हर वेग न कमी करता मान बाहेर काढायचा, "फुल्ल हाय, म्हातारे!" आणि दोनशे पावलांवर गावच्या फाट्यावर तीच जीप थांबून चार जण घ्यायची. आजीला ते दिसायचं. सगळ्या वस्तीला दिसायचं. आणि जीप फुल्ल होते म्हणजे काय? आमच्याकडच्या जीपमध्ये मागं कोंबून, टपावर बसवून, पायरीवर लटकवून झालं की ड्रायव्हर स्वतः सरकतो आणि आपल्या उजव्या अंगाला, दार आणि स्टिअरिंगच्या मध्ये, आणखी एक शीट बसवतो. प्रवाशाला आमच्याकडं शीट म्हणतात. अशा ठिकाणी "फुल्ल हाय" ह्या शब्दांचा अर्थ काय होतो, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून बाबांनी जीप घेतली. मला शिकवताना त्यांनी गिअर-क्लच नंतर शिकवलं. आधी शिकवलं ते हे, "रस्त्याच्या कडंला मानूस हुबा दिसला की पाय ब्रेकवर गेला पायजे. हात केला न्हाई केला, ते बगायचं न्हाई. काही मान्सं हात करायला लाजत्यात." मला वाटतं, लाजतात असं ते आजीसाठी म्हणायचे. ती शेवटी शेवटी हातच करेना.

तर असा हा पाय घेऊन मी आखातात उतरलो.

तिथं मला शिकवायला होता तो निजामाबादचा. आमच्यापासून किती लांब? बसनं गेलं तर दुपारचं जेवण घरून करून निघावं आणि रात्रीच्या जेवणाला पोचावं. त्याची दखनी आणि आमची नांदेडची बोली सख्ख्या बहिणी. सगळे त्याला उस्ताद म्हणत. पहिल्या दिवशी मी सवयीनं उजवीकडचं दार उघडून बसलो आणि हातानं स्टिअरिंग शोधू लागलो. उस्ताद बाहेर उभा राहून बघत होता. म्हणाला, "हौ मियाँ, बैठो आराम से. गाडी मैं भेज देता."

पहिले काही दिवस डावा हात गिअर शोधायचा आणि दारावर आपटायचा. आरसा बघायचा तर मान भलतीकडं वळायची. चौकात डावीकडं वळताना सगळं शरीर ओरडायचं की समोरचा ट्रक अंगावर येतोय. पण एक गोष्ट मला पटकन जमली. नवीन आलेले इतर लोक डावीकडच्या सीटवर बसले की गाडी उजवीकडं घासत न्यायचे, त्यांना उजव्या अंगाला एवढी गाडी शिल्लक आहे हेच कळायचं नाही. मला कळायचं. आयुष्यभर उजव्या मांडीला एक शीट चिकटवून जीपच्या मधोमध बसून चालवलेली. मी आधीच अर्धा डावीकडं सरकलेला होतो. उस्ताद खूश झाला. पुण्याहून आलेल्या एका पोराला म्हणाला, "इसको देखो. इसके गाँव में सब इंटरनॅशनल है."

मी मनाशी एक युक्ती केली होती. एकेक सवय घ्यायची आणि आरशात धरल्यासारखी उलटी करायची. डावीकडचं जे जे काही, ते सगळं उजवीकडं. वळण, कडा, आरसा, थांबणं. फार मन लावून केलं. त्यात एक सवय नकळत बरोबर आली, ते परीक्षेच्या दिवशी कळलं.

परीक्षा अशी असते. पोलीस खात्याचा परीक्षक शेजारी बसतो. मागच्या सीटवर दोघं उमेदवार आपली पाळी येईपर्यंत बसून असतात. मी उत्तम चालवत होतो. गोल चौक झाला, सिग्नल झाला, लेन बदलून झाली. परीक्षक खिडकीबाहेर बघायला लागला होता, हे चांगलं लक्षण. मग उजव्या कडेला, वाळू आणि डांबर मिळतात तिथं, एक माणूस उभा दिसला. निळा कामगाराचा डगला, हातात प्लास्टिकची पिशवी. उन्हासाठी त्यानं कपाळावर हात धरला होता.

मी उजवा इंडिकेटर दिला, आरसा बघितला, गाडी कडेला घेतली आणि त्याच्या पुढ्यात उभी केली. चाकं कडेला एकदम समांतर. एवढ्यावर भागलं असतं. पण मी मागं वळून त्या दोन उमेदवारांना म्हणालो, "जरा सरका."

मराठीत.

तो निळ्या डगल्यातला माणूस पोलिसाची टोपी बघून दचकला आणि वाळूत मागं मागं सरकत गेला. परीक्षकानं मला विचारलं, का थांबलास? मी म्हणालो, माणूस उभा होता. तो म्हणाला, मग? नापास.

खोलीवर माझा जोडीदार होता लातूर जिल्ह्यातला, किल्लारीकडचा. एका कचेरीत हिशेब बघायचा. आठ वर्षं तिथं. रस्त्यावरच्या शिस्तीचं व्याख्यान मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं. संध्याकाळी मी दारातून आत आलो तर बातमी आधीच पोचलेली.

"या नांदेडकर! किती शिटा भरल्या?"

"भाऊ, आज नको."

"टपावर कोन बसला व्हता? पोलीस का?" त्याचं त्यालाच हसू आवरेना. मग गंभीर झाला, त्याची ती सवय होती. "हे बघ, हे तुजं नायगाव न्हाई. इथं रूल हाय. रूलनं वागला म्हनून हा देश पुढं गेला. आपली मान्सं कुठंबी थांबत्यात, कुठंबी चढत्यात, कुठंबी मुतत्यात."

"तुमच्या किल्लारीकडं जीपा काय सिग्नल बघून थांबतात?"

"म्हनून तर मी इथं हाय!"

मला इतका संताप आला की त्यानं वाढलेलं ताट तसंच ठेवलं. मी विचारलं, "तो माणूस तिथं उन्हात का उभा होता, हे विचारलं का कुणी? सहा लेनचा रस्ता केला. बाजूनं चालायला वीतभर फरशी नाही. सावलीला एक पत्रा नाही. पलीकडं जायचं तर पूल कुठं आहे ते दिसतही नाही."

"त्येंच्या कंपनीची बस येती न्यायला."

"आणि चुकली तर?"

"चुकली तर चुकली. भात घे, गार होऊन राहिला."

माझं भांडण नियमाशी नाही, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला गाढव समजाल. त्या वेगाच्या रस्त्यावर कुणीही कुठंही ब्रेक मारू लागला तर मढी पडतील. हे ड्रायव्हरच्या पोराला शिकवायला नको. माझं म्हणणं वेगळं आहे. गाडीनं कुठं थांबायचं नाही ते तुम्ही पाटीवर लिहिलं, रंगवलं, कॅमेरे लावले. ज्याच्याकडं गाडी नाही त्यानं कुठं उभं राहायचं, ते लिहायला विसरलात. आणि हे विसरणं फक्त तिकडचं नाही. आमच्या फाट्यावर आता उड्डाणपूल झालाय. जलद गाड्या वरून जातात, माणसं खाली उभी असतात. उद्घाटनाला फेटे बांधून आलेल्यांना मी विचारलं होतं, म्हाताऱ्या माणसानं गाडी पकडायला पुलावर उडी मारायची का? त्यांनी मला बाजूला घेऊन चहा पाजला. प्रश्न तसाच राहिला. हाच पूल बघून परदेशातून आलेले म्हणतात, वा, आता कसं तिकडच्यासारखं वाटतं! वाटणारच. तिकडची नेमकी तीच गोष्ट आणली.

दुसऱ्या परीक्षेला मी ठरवून गेलो. थांबायचं नाही. थांबलो नाही. पण एका वळणापाशी चौघं उभे होते, पायाशी डबे, एकजण उकिडवा बसलेला. माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी थांबली नाही, फक्त रेंगाळली. मागच्यानं जोरात हॉर्न दिला. परदेशात हॉर्न वाजत नाही म्हणतात ना, तो माझ्यामुळं वाजला. वाहतुकीला अडथळा. नापास.

आता एकच परीक्षा उरली. मालकाच्या माणसानं तिकिटाची चौकशी सुरू केली होती, हे मला कळेल अशा बेतानं केली होती. गावी बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगं तिकडं मोठी गाडी चालवून राहिलं. परत गेलो असतो तर मला कुणी टाकून बोललं नसतं. पण बाबांना फाट्यावर सगळ्या ड्रायव्हरांच्या मध्ये उभं राहून चहा प्यावा लागतो. तिथं काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलंय.

उस्तादनं मला एका दुपारी रिकाम्या मैदानाच्या कडेला गाडी लावायला सांगितली. एसी बंद केला, थर्मासमधला चहा ओतला. म्हणाला, "मियाँ, हात अच्छे, नजर अच्छी. ये पाँव कायकू ऐसा करता?"

मी त्याला आजीचं सांगितलं. वस्तीचं, जीपचं, सगळं. त्यानंही निजामाबादला शेअर जीप चालवलेली. ऐकून झाल्यावर त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"एक तरकीब है. मेरे को भी शुरू में ऐसाच होता था. कोई खडा दिखा ना, तो दिल में बोलने का, गाडी फुल है. बस. पाँव खुद मान जाता."

चहा माझ्या हातात तसाच राहिला.

"उस्ताद, दुसरं काही सांगा."

"दुसरा नक्को. यहीच चलता."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो माझ्या भल्याचंच बोलत होता. म्हणूनच मला त्याच्यावर रागावता येईना, आणि रागावायला समोर दुसरं कुणी नव्हतं. रिकामी गाडी, रिकामं मैदान. मी दार उघडून बाहेर गेलो, उन्हात उभा राहिलो आणि आईबहिणीवरून कुणाला तरी शिव्या दिल्या. कुणाला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या जुन्या जीपवाल्याला असतील. तो तर कधीच मेला.

तिसऱ्या परीक्षेत तीन ठिकाणी माणसं उभी होती. पहिल्या ठिकाणी पाय हलला नाही, कारण मी आधीच घाबरून ताठ झालो होतो. दुसऱ्या ठिकाणी पाय शिवशिवला आणि मी मनात म्हणालो, फुल्ल हाय. गाडीत चार माणसं होती, मागं एक जागा रिकामी. तरीही म्हणालो. आणि खरंच, पाय मानला. इतक्या सहज मानला की तिसऱ्या ठिकाणी मला म्हणावंही लागलं नाही. तिथं कोण उभं होतं, किती जण होते, मला आठवत नाही. बघितलंच नसेल.

परीक्षकानं खूण केली, हसला. पास.

त्या लायसनवरचा माझा फोटो बघा कधी. मेलेल्याला उठवून काढल्यासारखा आहे. जोडीदारानं मात्र मटण आणलं, स्वतः शिजवलं, भाजक्या डाळी-मसाल्याचा येसरही घातला. किल्लारीहून आलेला येसर त्यानं कपड्यांच्या पेटीत जपून ठेवला होता. "आता झालास मानूस," म्हणाला. घास घशाखाली उतरत नव्हता असं खोटं सांगणार नाही, मटण चांगलं झालं होतं.

बाबांना फोन केला. मागून फाट्याचा गोंगाट येत होता.

"पास झालो, बाबा."

"हाव? आरं, जय भीम! जय भीम!" त्यांनी फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग परत आले. "आडत काय व्हतं तुजं?"

"गोल चौकात जरा गोंधळ व्हायचा."

"आसंल, आसंल. उलटं हाय समदं." ते आनंदात होते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी जीप घेतली ती सोडून दिल्याबद्दल तिथल्या सरकारनं मला लायसन दिलं, हे त्यांना फोनवर कसं सांगणार? आणि ते म्हणाले असते, "बरं केलंस, पोटाचा सवाल हाय." त्याची मला जास्त भीती वाटत होती.

काम सुरू झालं. सकाळी मालकाची मुलं शाळेत सोडायची, मालकीणबाईंना बाजारात न्यायचं, दुपारी मुलं आणायची. मधल्या वेळेत गाडी रिकामी. सात जणांची गाडी, आत बर्फासारखा एसी, सीटांवर कातडं. आणि मी एकटा. रोज त्याच रस्त्यानं, रोज कडेला माणसं. प्रवासी घेतला तर बेकायदा टॅक्सी म्हणून धरतात. लायसन जातं, नोकरी जाते, पाठवून देतात. सगळं माहीत होतं. मी महिनाभर जात राहिलो. त्या रिकाम्या सहा सीटा घेऊन जाताना जे वाटायचं त्याला पश्चात्ताप म्हणू नका, ती सभ्य गोष्ट आहे. मला चीड यायची. त्या माणसांचीसुद्धा यायची. कशाला उभे राहता लेको, बसा कुठंतरी!

एका दुपारी, गाडीत मी एकटाच असताना, शाळेच्या भिंतीपासून बऱ्याच पुढं, एक म्हातारा उभा होता. पांढरी दाढी, डोक्याला ओला पंचा, हातात झाडं कापायची मोठी कात्री. हात करत नव्हता. रस्त्याकडं बघतही नव्हता. ज्याला माहीत असतं कुणी थांबणार नाही, तो असा उभा राहतो.

मी गाडी कडेला घेतली. विचार करून घेतली असं म्हणणार नाही. विचार केला असता तर घेतली नसती. काच खाली केली आणि ओरडलो, "चाचा, चलो! जल्दी!" आवाज इतका दरडावणीचा निघाला की तो घाबरला असावा. मग समजलं, लगबगीनं निघाला, गाडीला पुढून वळसा घालून, भर रस्त्याच्या बाजूनं, थेट माझ्या दारापाशी आला आणि दार उघडून आत घुसायला लागला. त्याच्या देशातही डावीकडचं दार प्रवाशाचं असणार. कात्री माझ्या पोटाला लागली.

"अरे इकडून न्हाई!" मी मराठीतच किंचाळलो. "पलीकडून! पलीकडून या!"

मागून गाड्या हॉर्न देत जात होत्या. तो परत वळसा घालून आला, चढला, कात्री मांडीवर आडवी ठेवली आणि एसीच्या झोतापुढं दाढी धरली. कुठं जायचं ते विचारलं तर बोटानं सरळ दाखवलं.

पुढच्या सिग्नलला पोलिसाची गाडी येऊन शेजारी उभी राहिली, म्हाताऱ्याच्या बाजूला. मी समोरच्या लाल दिव्याकडं डोळे लावून बसलो. मान वळवायची हिंमत नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, म्हाताऱ्यानं काच खाली केली होती आणि पोलिसाला हात कपाळाला लावून सलाम करत होता.

"चाचा, हात नीचे," मी ओठ न हलवता म्हणालो. "हात नीचे करो."

तो माझ्याकडं बघून हसला आणि सलाम करतच राहिला.